हॉर्निमन सर्कलवाला हॉर्निमन नव्हे! (लंडनचं एक म्युझियम आणि आमची विळी)

फास्ट_लोकल

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी फोर्टात एका बँकेत एकतीस वर्षं नोकरी केली. डोंबिवलीहून डबल फास्ट, सीएसटीला उतरून चालत ऑफिस, दुपारचा डबा खाल्ला की मैत्रिणींबरोबर हॉर्निमन सर्कलच्या बागेत एक चक्कर. इतकी वर्षं त्या नावाखाली फिरले पण हा हॉर्निमन कोण हे एकदाही विचारलं नाही. रिटायर झाल्यावर लेकीकडे लंडनला गेले (२०२३ चा उन्हाळा, लिहायला मुहूर्त आत्ता लागतोय) तर तिच्या घरापासून बसने वीस मिनिटांवर 'हॉर्निमन म्युझियम'! मी म्हटलं अगं हा तर आमच्या ऑफिससमोरचा, लगेच जाऊया. लेक म्हणाली आई तो वेगळा असेल गं. मी कसली ऐकते.

तर तो वेगळाच निघाला. हा फ्रेडरिक हॉर्निमन, चहावाला. बापाने १८२६ मध्ये धंदा सुरू केला, चहा सुटा न विकता बंद पुडीत विकायचा. तेव्हा म्हणे चहात कुंपणाची पानं, धूळ, काय वाट्टेल ते मिसळायचे, त्यामुळे सीलबंद पुडी म्हटल्यावर लोक तुटून पडले. पोराने त्या पैशातून जगभरच्या वस्तू जमवायला घेतल्या. मुखवटे, वाद्यं, कीटक, पेंढा भरलेली जनावरं. घर इतकं भरलं की बायको म्हणाली एक तर हा पसारा राहील नाहीतर आपण, अशी तिथे गोष्ट सांगतात, आणि ती मला अगदी शंभर टक्के खरी वाटते कारण आमच्याकडे ह्यांच्या जुन्या रेडिओंवरून हेच चालतं. शेवटी माणसं दुसऱ्या घरात राहायला गेली आणि ते घर १८९० च्या नाताळात लोकांना बघायला उघडलं. पुढे ते पाडून ही घड्याळाच्या टॉवरवाली इमारत बांधली आणि १९०१ मध्ये बागेसकट लंडनच्या लोकांना देऊन टाकली. आजही प्रवेश फुकट. (मत्स्यालय आणि फुलपाखरांचं घर यांना तिकीट आहे, आम्ही फक्त मासे बघितले.)

आता वॉलरस (बर्फाळ समुद्रातला सुळेवाला प्राणी, सीलचा भाऊबंद). नॅचरल हिस्ट्रीच्या हॉलमध्ये मधोमध एक भलामोठा वॉलरस बसवलाय. नातू (वय वर्षं सात) धावत गेला, मागून मी. आणि मला काहीतरी खटकायला लागलं, कळेना काय. मग लेकीने सांगितलं की खऱ्या वॉलरसच्या अंगाला ढीगभर वळ्या असतात, सुरकुत्याच सुरकुत्या. पण हा कॅनडातून, हडसन बे भागातून, आला तेव्हा इकडे पेंढा भरणाऱ्यांनी जिवंत वॉलरस बघितलेलाच नव्हता. हाती आलं फक्त कातडं. त्यांना वाटलं सगळ्या वळ्या निघेपर्यंत भरायचं असतं, म्हणून भरत गेले भरत गेले, आणि झाली टम्म फुगलेली पुरी! शंभराहून जास्त वर्षं तो तसाच गुळगुळीत बसलाय आणि आता तोच तिथला हिरो आहे, दुकानात त्याचे मग मिळतात. मी त्याच्या मानेजवळ वाकून बघितलं, एक घडी नाही हो, कडक इस्त्रीचा शर्ट जसा.

तिथून वर्ल्ड गॅलरीत गेलो, तीन हजारांवर वस्तू एकाच दालनात. सहारातल्या तुआरेग लोकांचं सामान, भूतानचं, लागोसचं. मला वाटलं होतं आपल्या म्युझियमसारखं एकामागून एक कपाटं असतील, 'लाकडी मूर्ती, १९ वे शतक' अशी पाटी आणि एक पेंगणारा शिपाई. पण इथे वस्तू कुणाची, ती माणसं तिचं काय करतात, हे आधी येतं. काही वस्तू मुलांना हातात घ्यायला पण देतात. वाद्यांच्या दालनात तेराशेच्या आसपास वाद्यं भिंतभर लावलीयत, टेबलावर बोट लावून निवडलं की आवाज ऐकू येतो. मी सारंगी लावली आणि तिथेच बाकावर बसले, लेकीला वाटलं चक्कर आली.

घरी आल्यावर नातवाने हॉलमध्ये स्वतःचं म्युझियम मांडलं. माझ्या बॅगेतल्या सगळ्या वस्तू, प्रत्येकीखाली चिठ्ठी. देवांचा डबा, सांडगी मिरची, माझी विळी. विळीच्या चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिलेलं, मराठीत सांगायचं तर 'जमिनीवर बसून वापरायचा चाकू. डोंबिवलीच्या लोकांचा. साधारण १०० वर्षं जुना.' अरे शंभर कुठली, माझ्या लग्नातली आहे! आणि 'डोंबिवलीचे लोक' म्हणजे काय, आम्ही टोळी आहोत का? मी हसले खरी, पण रात्री डोक्यातून जाईना. त्या काचेमागच्या तीन हजार वस्तूंखालच्या चिठ्ठ्या कुणी लिहिल्या असतील आणि त्यांच्यातल्या किती अशाच असतील?

एक प्रश्न – वॉलरसला मराठीत काय म्हणतात? नातवाने विचारलं आणि मी गप्प.

अबोली

काकू मस्त लिहिलंय!! टम्म पुरी वाचून ऑफिसात फिस्सकन हसले. लिहित्या राहा.

क्रॉयडनकर

वा, आमच्या एरियातला विषय! मुलं लहान असताना दर रविवारी तिथेच असायचो कारण फुकट आणि बाग मोठी, १६ एकर. बागेतून सिटीच्या उंच इमारती दिसतात, थंडीत स्वच्छ ऊन असेल तर फारच छान. आणि ते पांढरं लोखंडी काचघर बघितलंत का, ते मूळचं आमच्या क्रॉयडनचं, हॉर्निमनच्या आईवडलांच्या घरातलं, नंतर उचलून इथे आणून जोडलं.

जाणाऱ्यांसाठी – फॉरेस्ट हिल स्टेशनला उतरायचं, लंडन ब्रिजवरून पंधराएक मिनिटं, मग दहा मिनिटं चढण चालायची. गुडघे दुखत असतील तर बस घ्या. आणि महत्त्वाचं, वॉलरसचा हॉल मार्च २०२४ पासून नूतनीकरणासाठी बंद केला होता, त्यामुळे पोराला वॉलरसचं आमिष दाखवायच्या आधी साइट बघून घ्या, नाहीतर स्टेशनपर्यंत भोकाड (अनुभवाचे बोल).

दारासमोरचा टोटेम पोल (उंच कोरीव लाकडी खांब) राहिला तुमच्या लेखात. तो जुना लुटून आणलेला वगैरे नाही, १९८५ मध्ये नेथन जॅक्सन नावाच्या अलास्काच्या ट्लिंगिट जमातीच्या कारागिराने कोरलाय. अस्वलाशी लग्न केलेल्या मुलीची गोष्ट आहे त्यावर.

शंकेखोर

छान वगैरे ठीक आहे पण मूळ मुद्दा कुणी बोलतच नाहीये. साहेबाने जगभरातून उचलून आणलेला माल आणि आपण 'अय्या किती छान' करत बघायचा. फुकट तिकीट काय, फुकट आणलेल्या वस्तूंना तिकीट लावायला तोंड आहे का?

फास्ट_लोकल

@शंकेखोर, अहो अय्या किती छान मी कुठे म्हटलं? पूर्ण वाचलंत का?

डेक्कनची_जुनी_विद्यार्थिनी

थोडी भर घालते, मानववंशशास्त्र शिकलेय म्हणून राहवत नाही.

चिठ्ठ्या कुणी लिहिल्या हा प्रश्न अगदी योग्य जागी आहे. हे म्युझियम नव्या इमारतीत १९०१ मध्ये उघडलं आणि १९०२ पासून १९१५ पर्यंत तिथे सल्लागार होता आल्फ्रेड कोर्ट हॅडन, ब्रिटिश मानववंशशास्त्रातलं मोठं नाव, १८९८ ची टॉरेस सामुद्रधुनीची (ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या मधली) मोहीम त्याचीच. त्या काळी मांडणी कशी करत, तर शिडीसारखी. खालच्या पायरीवर 'रानटी', मग 'अर्धे सुधारलेले', आणि वरच्या पायरीवर बसलेला कोण हे सांगायला नको. भाले, होड्या, टोपल्या सगळं साध्याकडून गुंतागुंतीकडे ओळीत लावायचं आणि बघणाऱ्याच्या मनात आपोआप ठसायचं की माणसांचीही तशीच ओळ आहे. आत्ताची वर्ल्ड गॅलरी २०१८ ची, तीत ती शिडी नाही. काकूंना जो फरक जाणवला तो हाच.

आणि हे फक्त तिकडचं नाही हं. आपल्याकडे १९०१ च्या जनगणनेचा प्रमुख रिस्ली लोकांची नाकं मोजून जातींची उतरंड लावत होता. मुंबईत मानववंशशास्त्राची सोसायटी १८८६ पासूनच होती. पण याच शास्त्रातली आपली इरावती कर्वे बघा. १९२० च्या दशकाच्या शेवटी बर्लिनला गेल्या, गाइड ऑयगेन फिशर, ज्याच्या वंशवादी कल्पना पुढे नाझींच्या कामी आल्या. त्याची अपेक्षा की युरोपियन कवट्या मोजल्या की त्यांचं श्रेष्ठत्व सिद्ध होईल. बाईंनी कवट्या मोजल्या आणि सरळ लिहिलं की वंशाचा आणि कवटीच्या कमीजास्त डाव्या-उजव्या ठेवणीचा संबंध दिसत नाही. डॉक्टरेट त्याच्याच हातात होती, तरी. मोजलेल्या कवट्यांमधल्या काही आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीतून आणलेल्या होत्या. मग पुण्यात येऊन डेक्कन कॉलेजात त्यांनी विभाग उभा केला, आम्ही त्याच जिन्यावरून चढलो.

नाना_चौकातला

विषयांतराबद्दल क्षमस्व पण हॉर्निमन सर्कलचा हॉर्निमन राहिलाच की! तो बेंजामिन हॉर्निमन, 'बॉम्बे क्रॉनिकल'चा संपादक. पेपर फिरोजशहा मेहतांनी १९१३ मध्ये काढला. जालियनवाला बागेनंतर या इंग्रज माणसाने पंजाबातल्या अत्याचारांवर असं काही छापलं की सरकारने १९१९ मध्ये त्याला उचलून बोटीत बसवला आणि विलायतेला धाडला. पठ्ठ्या १९२६ मध्ये परत आला. आधी त्या जागेचं नाव एल्फिन्स्टन सर्कल, गव्हर्नरचं. स्वातंत्र्यानंतर गव्हर्नरचं नाव काढून दुसऱ्या इंग्रजाचं लावलं, पण आपल्या बाजूच्या. काकू, तुम्ही एकतीस वर्षं चांगल्या माणसाच्या नावाखाली डबा जिरवलात.

फास्ट_लोकल

@नाना_चौकातला अहो खूप धन्यवाद! आता मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकते, सगळ्यांची तीच अवस्था असणार.

मालवा_एक्सप्रेस

इंदूरहून लिहितोय, आमच्या मराठीला हसू नका.

चहाच्या पैशाबद्दल एक गोष्ट सांगायची राहून जातेय. हॉर्निमनचा चहा तेव्हा मुख्यतः चीनचा. चीनला इंग्रजांकडून काही खास नको होतं, त्यांना चांदी पाहिजे. मग इंग्रजांनी तिकडे काय विकलं, तर अफीम. ती कुठली, एक बिहारची आणि दुसरी आमच्या माळव्याची. माळवा कोणाचा, होळकर-शिंद्यांचा. म्हणजे शेत आमचं, राज्य मराठी सरदारांचं, बोट मुंबईहून सुटायची आणि ईस्ट इंडिया कंपनी मधे पासचे (परवान्याचे) पैसे घ्यायची. मंदसौर-नीमचला आजही सरकारी परवान्यावर अफूची शेती होते, फेब्रुवारीत पांढरी फुलं बघायला या कधी.

आणि मुंबईचे व्यापारी त्यात गळ्यापर्यंत होते. जमशेटजी जीजीभॉय यांचा चीनचा व्यापार, त्यात कापूस होता आणि अफीमही होती. त्याच पैशातून जे. जे. हॉस्पिटल, जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. तर @शंकेखोर भाऊ, साहेबाचं म्युझियम लुटीच्या पैशाचं म्हणायचं तर मग जे. जे. ला पण पाटी लावायला पाहिजे ना?

शंकेखोर

जे. जे. मध्ये गरिबांवर उपचार होतात, तुलना चुकीची आहे. आणि पैसा कुठून आला हा एक मुद्दा, वस्तू कुठून आली हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर द्या. आमची वाघनखं तिकडे काय करतायत?

क्रॉयडनकर

मला वाटलंच होतं पन्नासाव्या प्रतिसादाच्या आत वाघनखं येणार, दहातच आली 😀

ती हॉर्निमनमध्ये नाहीत, लंडनच्याच व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियमची (व्हीअँडए). कंपनीचा अधिकारी ग्रँट डफ साताऱ्याला होता, त्याच्या घराण्याकडून म्युझियमला गेलेली. जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात आणली, ३ वर्षांच्या बोलीवर. ती महाराजांनी वापरलेलीच आहेत का, हे सिद्ध करता येत नाही असं खुद्द त्या म्युझियमचंच म्हणणं आहे. यावर इथे भांडू नका प्लीज, वेगळा धागा काढा.

पण शंकेखोरांचा दुसरा प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर याच म्युझियममध्ये आहे. १८९७ मध्ये ब्रिटिश सैन्याने बेनिनवर (आत्ताच्या नायजेरियातलं बेनिन सिटी) हल्ला केला, शहर जाळलं, ओबाचा (तिथल्या राजाचा) राजवाडा लुटला. पितळी पट्ट्या, हस्तिदंत, सगळं युरोपभर पांगलं. हॉर्निमनकडे त्यातल्या ७२ वस्तू होत्या. नायजेरियाने मागणी केली, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये म्युझियमने सगळ्या ७२ ची मालकी त्यांच्या नावावर करून दिली. त्यात १२ पितळी पट्ट्या, एक पितळी कोंबडा, आणि राजवाड्याची किल्लीही. सहा वस्तू लगेच गेल्या, बाकीच्या काही काळ लोनवर इथेच ठेवायचं ठरलं.

आता ब्रिटिश म्युझियम हे का करत नाही? त्यांना १९६३ चा कायदा आड येतो, संग्रहातली वस्तू जवळजवळ काढूच देत नाही. व्हीअँडएला १९८३ चा तसलाच. हॉर्निमन सरकारी पैशावर चालत असलं तरी धर्मादाय ट्रस्ट आहे, त्यांनी धर्मादाय आयोगाची परवानगी घेतली आणि दिलं. म्हणजे दानत आहेच, पण कायद्याची फट पण आहे.

शंकेखोर

राजवाड्याची किल्ली लुटून नेलेली? किल्ली?? वाडा जाळून टाकला आणि किल्ली काचेत ठेवली. धन्य आहे.

बाकी माहितीबद्दल आभार. ७२ चं माहीत नव्हतं.

अबोली

किल्लीचं वाचून मलाही कसंतरी झालं. माझ्या आजीने बेळगावचं घर विकलं तरी जुन्या कुलपाची किल्ली शेवटपर्यंत बटव्यात होती तिच्या.

डेक्कनची_जुनी_विद्यार्थिनी

वॉलरसबद्दल एक राहिलं. तो १८८६ मध्ये लंडनच्या 'कलोनियल अँड इंडियन एक्झिबिशन'मध्ये मांडला होता, तिथून हॉर्निमनकडे आला. त्याच प्रदर्शनात भारतातून जिवंत माणसंही आणलेली, 'कारागीर' म्हणून बसवायला. त्यातले बरेच आग्र्याच्या तुरुंगातले कैदी, तुरुंगात गालिचे विणायला शिकलेले. बक्षीराम नावाचा एक म्हातारा कुंभार होता, वय शंभराच्या वर सांगत. लोक रांग लावून त्याला चाकावर मडकं करताना बघत. राणी व्हिक्टोरियाने रुडॉल्फ स्वोबोडा या चित्रकाराकडून त्यांची व्यक्तिचित्रं करून घेतली, ती अजून ऑस्बर्न हाउसला (राणीच्या वाड्यात) भिंतीवर आहेत.

एका दालनात वॉलरस, दुसऱ्यात बक्षीराम. आणि वॉलरसचं नाव आज लंडनच्या पोराटोरांना माहीत आहे.

गोदाकाठ

आपल्याकडे असं काही आहे का? म्हणजे पोरांना दाखवण्यासारखं.

नाना_चौकातला

पुण्याचं राजा केळकर संग्रहालय बघितलं नाहीत? तेही एका माणसाचंच वेडच की. दिनकर केळकरांनी दारोदार फिरून दिवे, अडकित्ते, वेणीफणीच्या पेट्या, किसण्या जमवल्या, वीसेक हजार वस्तू, आणि १९६२ मध्ये सरकारला देऊन टाकल्या. फरक इतकाच की गोळा करणारा आणि ज्यांचं गोळा केलं ते एकाच भाषेत भांडू शकत होते. पुण्यातच क्वीन्स गार्डनला आदिवासी संग्रहालय आहे, तिथे फारसं कुणी फिरकत नाही.

मालवा_एक्सप्रेस

भोपाळचं मानव संग्रहालय!!! शामला हिल्सवर, २०० एकर. उघड्यावर खरीखुरी घरं, वेगवेगळ्या भागातल्या लोकांनी स्वतः येऊन आपापल्या पद्धतीने बांधलेली. काचबीच काही नाही, ओसरीवर टेका. उन्हाळ्यात मात्र जाऊ नका, वितळून जाल.

गोदाकाठ

धन्यवाद दोघांना. दिवाळीत भोपाळ फिक्स.

अबोली

वॉलरसच्या मराठी नावाचं काय झालं? पाणहत्ती चालेल?

क्रॉयडनकर

पाणघोडा ऑलरेडी हिप्पो आहे, पाणहत्ती ठेवलं तर गोंधळ. सुळेदार सील? माझी मुलगी म्हणते वॉलरसला वॉलरस म्हणा बाबा.

शंकेखोर

दाढीवाला मगर. (विनोद होता, मारू नका.)

फास्ट_लोकल

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. नातवाला व्हिडिओ कॉलवर थोडं थोडं वाचून दाखवलं. वॉलरसचं नाव त्याने स्वतःच ठेवलंय, 'पुरीमामा'. आता तेच फायनल.

आणि विळीचा पुढचा भाग सांगते. तेव्हा निघायच्या आधी मी त्याला बसवून चिठ्ठी दुरुस्त करायला लावली होती. डोंबिवलीचे लोक खोडलं, 'आजी' लिहिलं. शंभर वर्षं खोडलं, १९८७ लिहिलं. त्यानेच विचारलं की ही इथे कशी आली, मी म्हटलं आणली, मीच, नारळ खवायला, तुझ्या आईला मिक्सरमधलं खोबरं कळत नाही म्हणून. मग मालक कोण या रकान्यात त्याने आईचं नाव घातलं. मी म्हटलं थांब, मी दिलेली नाही, वापरायला ठेवून जातेय. तर पठ्ठ्याने शांतपणे खाली लिहिलं, 'लोनवर'. किती वर्षं ते विचारून घेतलं. मी म्हटलं पुढच्या खेपेला येईपर्यंत.

गोदाकाठ

काकू ते सगळं ठीक पण विळी विमानातून नेलीत कशी?? मला सुनेकडे न्यायचीय.

फास्ट_लोकल

चेक-इनमध्ये हो, हातातल्या बॅगेत नाही. पातं मिटवून जुन्या नऊवारीत चार वेढे, वरून सुतळी, आणि पाट खाली आडवा. खवणीच्या दात्यांवर बूच लावा, माझ्या एका साडीला भोक पडलं.